घरच्या संगणकाचे दप्तर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझी शाळा नववीत सुटली. संगणक मी चाळिशीनंतर, चुकत चुकत शिकलो. तेव्हा आज ऐकाल ती हकीकत पंडिताची नव्हे, फसलेल्या माणसाची आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली रचला. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही चालते, म्हणून मी ते घरी घेतले. निवृत्त कामगारांच्या ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद, पगारपत्रके, हजेरीचे उतारे मी स्कॅन करून त्यावर ठेवीत असे. रोज रात्री साऱ्याची एक गठडी बांधून पेनड्राइव्हवर टाकावी, असे काम नेमून दिले होते. गठडी बांधणारा तो टार, वेळेवर त्याला उठवणारा तो क्रॉन. मी निश्चिंत झोपत होतो.

एके दिवशी डिस्क गेली. गठडी सोडली, तो निम्मे कागद बाहेर पडले आणि पुढे खडखडाट! कारण अगदी साधे होते. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावतच नाही. गठडी वाढत तेवढी झाली, त्या दिवसापासून ती रोज तिथेच तुटत होती. टार तक्रार करीत होता. पण मध्यरात्री ऐकायला जागे कोण होते?

बहुतेकांनी कागद पुन्हा आणून दिले. एका वृद्ध कामगाराची मूळ पगारपत्रके मात्र पुराच्या पाण्यात आधीच गेली होती. तो इतकेच म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडं हायेत म्हणून मी निर्धास्त होतो." दोन सहकाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांवर त्याचा दावा कसाबसा उभा केला.

खजिनदाराने "फंड पेटीत आहे" म्हटले, तर आम्ही युनियनवाले मान डोलावतो काय? पेटी उघडून मोजायला लावतो. संगणकापुढे मात्र मी भाबडा झालो. मोठेही होतात. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. नकला काढण्याच्या अनेक व्यवस्था होत्या, त्यांतल्या बहुतेक ऐनवेळी निकामी निघाल्या, आणि सुमारे सहा तासांची सामग्री कायमची गेली. त्यांनी हे लपविले नाही, स्वतःच जाहीर केले, हे मला आवडले.

आता मी बाहेरची डिस्क लिनक्सच्याच ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केली आहे. त्यामुळे फाईल कोणाची, ती कोणी वाचावी, ही नोंदही टिकते. नक्कल आर्-सिंकने काढतो. तो बदललेले तेवढेच नेतो. पण त्याला 'डिलीट'चा हुकूम दिला, तर मूळ ठिकाणी चुकून पुसलेले तो इमानाने नकलेतूनही पुसतो! म्हणून डिस्का दोन, आळीपाळीने. एक बहिणीच्या घरी. नकलेत 'होम' घ्यावे, त्यातल्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींसकट. शिवाय 'ईटीसी'तल्या जोडण्या, आणि बसविलेल्या प्रोग्रॅमांची यादी. खुद्द प्रोग्रॅम जपण्याचे कारण नाही. ते इंटरनेटवरून पुन्हा मिळतात, पगारपत्रक मिळत नाही.

आणि दर तीन महिन्यांनी, रविवारी, जुन्या लॅपटॉपवर कोरे लिनक्स बसवून सगळे परत उभे करतो. 'ईटीसी' सरसकट ओतू नये. त्यातल्या 'एफएसटॅब' फाईलीत जुन्या डिस्कचा ओळखक्रमांक असतो, आणि ती डिस्क न सापडल्याने यंत्र सुरू होतानाच अडते. गेल्या खेपेस दीड तास लागला. त्यातली वीस मिनिटे वायफायच्या पासवर्डाने खाल्ली. तो 'ईटीसी'मध्ये, फक्त 'रूट'ला वाचता येईल अशा फाईलीत होता, आणि नक्कल मी साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने काढली होती. ती आता रूटच्या अधिकाराने काढतो. पासवर्ड कागदावर लिहून बहिणीकडच्या डिस्कच्या डब्यातही ठेवला आहे.