लाळ्या-खुरकूत आणि वासराचे हृदय

बैल हळूहळू कामाला लावला की त्याच्या हृदयाच्या स्नायुपेशी जाड व बळकट होतात. त्यांची संख्या मात्र फारशी वाढत नाही. त्यामुळे मेलेल्या पेशींची जागा भरून निघत नाही, तिथे वण राहतो. लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू लहान वासरात नेमका याच पेशींवर घाला घालतो. तोंडात फोड नाहीत, लाळ नाही, आणि दूध पिता पिता वासरू कोसळते! घरचे म्हणतात, दृष्ट लागली. शवविच्छेदन केले तर हृदयावर वाघासारखे फिकट पट्टे दिसतात.

साथीत वासरे पळवू नका. आजारातून उठलेला बैलही लगेच औताला जुंपू नका. गाईला दर ६ महिन्यांनी लस टोचा. तिच्या चिकातून वासराला संरक्षण मिळते. वासराला पहिली लस ४ महिन्यांचे झाल्यावर आणि महिन्याभराने पुन्हा.