नकाशात नसलेली वगळ

कवी म्हणून कुठे गेलो की लोक कविता ऐकतात, चहा देतात. पोटासाठी काय करता, हे सहसा कोणी विचारत नाही. आज तेच सांगायचं आहे. मी नकाशे काढून देतो. शाळेच्या भिंतीवरचे नव्हेत. कोणाला आपल्या जमिनीचा, कोणाला डोंगराच्या उताराचा, कोणाला विहिरीच्या जागेचा, असा ज्याच्या त्याच्या कामापुरता नकाशा.

भूगोल घेऊन बी. ए. झालो आणि पुण्यातल्या एका लहानशा कचेरीत ट्रेसर म्हणून लागलो. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगचं पेन आणि अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास, एवढंच तेव्हाचं जग. घरी वडील ‘नक्शा’ म्हणायचे, कचेरीत ‘नकाशा’. अरबीतून आलेल्या शब्दाला मराठीने मध्ये एक काना देऊन घरातला करून घेतलं, याची मला त्या वयात फार गंमत वाटे.

आमच्या धंद्याचा पाया म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीट. हा विभाग १७६७ सालचा. आपल्याकडे नेहमी वापरतात त्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तिच्यावरच्या तपकिरी रेषा उंचीच्या. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्याच उंचीवर, आणि एका रेषेतून दुसरीत वीस मीटरांचा फरक. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सपाटी. दोन रेषांत एकच मिलिमीटर जागा असेल, तर तिथे पन्नास मीटर अंतरात वीस मीटर उंची चढते. रेषा टोक करून डोंगराच्या पोटात शिरल्या की तिथे ओढा, बाहेर आल्या की सोंड. ही बाराखडी एकदा बसली की कागद पाहताना पोटऱ्या दुखायला लागतात.

पण गिऱ्हाइकाला नुसती शीट चालत नाही. त्याला त्याचा गट नंबर दिसायला हवा, आणि टोपोशीटवर गट नंबर नसतात. ते असतात भूमी अभिलेखच्या गाव नकाशावर, आणि त्या नकाशावर उंची नसते. एकाला हद्द कळते, डोंगर कळत नाही. दुसऱ्याला डोंगर कळतो, मालक कळत नाही. या दोघांचं लग्न लावून देणं हे आमचं काम. त्यातून मुळशीचा जलाशय नेमका शीटच्या कडेवर येतो, त्यामुळे शेजारच्या शीटही जोडून घ्याव्या लागतात. गावठाणाचा कोपरा, जुना पूल, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, अशा दोन्हीकडे सापडणाऱ्या खुणा धरून कागदावर कागद बसवायचा.

वीसेक वर्षांपूर्वी ताम्हिणीच्या रस्त्याला जमिनींचे भाव चढले होते. एक गिऱ्हाईक आलं. डोंगरउतारावर बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. दोन हजारात एक, म्हणजे शीटच्या पंचवीसपट मोठा नकाशा आठ दिवसांत हवा होता. प्रत्यक्ष मोजणी करायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत. मी टोपोशीट स्कॅन केली, मोठी केली, आणि वीस मीटरांच्या दोन रेषांमध्ये संगणकाकडून दोन-दोन मीटरांच्या रेषा काढून घेतल्या. संगणक बिचारा नाही म्हणत नाही. फार देखण्या, वळणदार रेषा आल्या. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

आता कबूल करतो. त्या मधल्या रेषा कोणी मोजलेल्या नव्हत्या. फोटो मोठा केला म्हणून त्यात नसलेला माणूस दिसायला लागत नाही, तसंच नकाशाचं आहे. मूळ शीटवर अर्ध्या मिलिमीटरची चूक असेल, तर जमिनीवर ती पंचवीस मीटरांची, आणि माझ्या मोठ्या नकाशावर सव्वा सेंटिमीटरची. तिथे एक अख्खा बंगला बसतो.

पुढच्या जुलैत एका रात्रीत प्लॉटांची संरक्षक भिंत फुटली. मुरूम, दगड, पाणी सगळं खालच्या भातखाचरांत उतरलं. जीव कोणाचा गेला नाही. आवणी नुकतीच झालेली, ती गाडली गेली. चार दिवसांनी खाचरांचे मालक, सत्तरीचे एक आबा, आमच्या कचेरीत आले. हातात माझाच नकाशा, कुठून तरी मिळवलेला. तो टेबलावर पसरून म्हणाले, “भाई, समदं झ्याक हाये. पर आमची वगळ कुठं हाये ह्यात?”

वगळ म्हणजे पावसाळ्यापुरती वाहणारी ओघळ. टोपोशीटच्या प्रमाणात एवढीशी ओघळ येत नाही, म्हणून ती माझ्याही नकाशात आली नाही, आणि म्हणून तिच्यावर रस्ता आणि भिंत आली. मराठी भाषा कधी कधी अशी थोबाडीत मारते. मी वगळच वगळली होती.

“आबा, चुकलं माझं,” म्हणालो. ते म्हणाले, “चुकलं ते ऱ्हाऊं द्या. येऊन बघा तर.”

गेलो. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा तो डोंगर पायाखाली घातला. भूशास्त्राच्या छापील नकाशात आमचा बहुतेक तालुका बेसाल्टच्या रंगात रंगवलेला असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, एकावर एक. पण डोंगरावर उभं राहिलं की थरांथरांतला फरक दिसतो. वर घट्ट कातळ, त्याच्या भेगांतून पाणी खाली झिरपतं. मध्ये कुठे तांबड्या, गेरूसारख्या मातीचा पट्टा लागतो. तो पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. आबांची वगळ बरोबर अशाच तांबड्या पट्ट्यापाशी सुरू होत होती, आणि प्लॉटसाठी उताराचा पायथा तिच्याच खाली कापला होता. तिथे एक झराही होता. आबा त्याला नावाने ओळखत होते.

उतरताना त्यांनी जलाशयाकडे बोट केलं. आजोबांचं घर त्या पाण्याखाली. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तरी टाटा कंपनीचं धरण झालंच. पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे वळलं, माणसं वर डोंगरात सरकली. शीटवर त्या जागी सपाट निळा रंग आहे. त्याच्याखाली एकही तपकिरी रेषा नाही. “आमी दोन बारी नकाशातून ग्येलो,” आबा हसून म्हणाले. मला हसता आलं नाही.

तेव्हापासून मी नकाशाच्या कोपऱ्यात मूळ शीट कोणती, सर्वेक्षण कोणत्या सालचं, कोणत्या रेषा मोजलेल्या आणि कोणत्या अंदाजाच्या, हे लिहितो. अंदाजाच्या रेषा तुटक काढतो. त्याने नकाशा कुरूप दिसतो, आणि दोन-तीन गिऱ्हाइकं तेवढ्यासाठी गेलीही. ज्याच्या जमिनीचा नकाशा, त्याच्याबरोबरच नव्हे, तर उताराच्या खालच्या शेतकऱ्याबरोबरही एक फेरी मारतो. पाणी कुठून येतं, हे त्याला जास्त ठाऊक असतं.

आता साधनं पुष्कळ आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने नकाशांवरची बरीच बंधनं काढली. शीट घरबसल्या उतरवून घेता येते, ड्रोनने वीतभर फरकसुद्धा मोजता येतो. पण पाऊसही तसाच आहे. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गेलं, सुमारे दीडशे माणसं गेली. त्यानंतर उताराचे नकाशे मागणारे वाढले. तीव्र उतार आम्ही लाल रंगात दाखवतो.

गेल्या महिन्यात एकांचा फोन आला. काम आवडलं म्हणाले, “फक्त ते लाल जरा फिकं करता येईल का? बँकेला दाखवायचंय.” मी म्हटलं, “रविवारी सकाळी सात वाजता या, तो लाल भाग आपण चालून येऊ. वर गेल्यावर फिका वाटला, तर फिका करतो.”

तीन रविवार झाले. अजून आलेले नाहीत.