निकालपत्रापासून दवाखान्यापर्यंत



आयर्लंडचा कायदा हा विषय टिटवाळ्याच्या या वकील परिषदेत दूरचा वाटेल. पण त्याचा एक धागा बेळगावचा आहे. बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार ३१ वर्षांची होती. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, सतराव्या आठवड्यात, ती गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. तो काढावा अशी तिने आणि तिच्या पतीने विनंती केली, तेव्हा गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असेपर्यंत तसे करता येणार नाही असे उत्तर मिळाले. ठोके २४ तारखेला थांबले. तोवर जंतुसंसर्ग शरीरभर पसरला होता आणि २८ तारखेला ती गेली.

आपण वकील आहोत, म्हणून त्या दिवशी तिथे कायदा नेमका काय होता हे आधी पाहू. १८६१ च्या ब्रिटिश कायद्यानुसार गर्भपाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. १९८३ च्या सार्वमताने गर्भाचा जगण्याचा हक्क मातेच्या हक्काइतकाच मानून घटनेत घातला. १९९२ मध्ये, बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला: मातेच्या जिवाला खरा आणि गंभीर धोका असेल, मग तो आत्महत्येचाही असो, तर गर्भपात कायदेशीर ठरेल, नुसता प्रकृतीला धोका मात्र पुरणार नाही. धोका कधी गंभीर मानायचा, तो कोणी ठरवायचा आणि ठरवणाऱ्याला संरक्षण काय, हे कायद्यात लिहिणे संसदेचे काम होते. संसदेने इतकी वर्षे गप्प राहणे अक्षम्य आहे, असे न्यायमूर्ती मॅकार्थी यांनी त्याच निकालात बजावले. २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही आयर्लंडला दोषी धरले. तरीही कायदा झाला २०१३ मध्ये, सविताच्या मृत्यूनंतर. माझे म्हणणे एवढेच आहे की निकाल कितीही उदार असला, तरी त्याची कार्यपद्धती कोणी लिहिली नाही तर अर्थ लावण्याचे ओझे रात्रपाळीच्या डॉक्टरवर येते. आणि ज्याला तुरुंगाची भीती आहे तो सर्वात आखूड अर्थ निवडतो.

यावर आक्षेप घेतला जातो की हा मृत्यू वैद्यकीय हलगर्जीपणाचा होता, त्याचा दोष कायद्यावर कशाला? आक्षेप निराधार नाही. मृत्यूच्या न्यायिक चौकशीत ज्यूरीने ‘वैद्यकीय दुर्घटना’ असा निर्णय दिला, आणि प्रा. अरुलकुमारन यांच्या समितीनेही देखरेखीतल्या उणिवा दाखवल्या. पण त्याच समितीने कायद्याचा लावलेला अर्थ हेही एक ठोस कारण म्हणून नोंदवले. लक्ष ठोके थांबण्याकडे राहिले, आईच्या तापाकडे कमी. या दोन चुका वेगवेगळ्या नाहीत. कायद्याच्या आखूड अर्थानेच देखरेखीतल्या चुकीला जागा करून दिली. पुढे २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी १९८३ चे ते घटनाकलम रद्द केले. 

दुसरा आक्षेप जास्त समाधान देणारा आहे: आपल्याकडे हे घडणार नाही, आपला कायदा १९७१ चा आहे. तो खरोखर पुढारलेला होता. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून आलेल्या कायद्याने जिवाबरोबर शारीरिक आणि मानसिक आरोग्यही मोजले. पण मूळ दंडविधान तसेच उभे आहे. भारतीय दंड संहितेतले कलम ३१२ आज न्याय संहितेत कलम ८८ म्हणून आहे आणि १९७१ चा कायदा हा त्याला अपवाद आहे. उशीरही आपण केला. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस आठवड्यांच्या मर्यादेमुळे एका मातेला परवानगी नाकारली. गंभीर व्यंग असलेल्या गर्भासाठी वैद्यकीय मंडळाच्या निदानावर ती मर्यादा उठवायला २०२१ उजाडले. अल्पवयीन मुलीचे नाव पोलिसांना कळवावे लागेल या भीतीने डॉक्टर मागे सरत. तिने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास ओळख उघड करण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी सांगितले. हा निकाल किती दवाखान्यांच्या भिंतीपर्यंत पोहोचला?

लोकलने आंबिवली, शहाड आणि मग कल्याण, इतके आपले कोर्ट जवळ आहे. खडवली-वासिंदकडच्या बाईला मात्र त्याआधी दवाखाना गाठायचा असतो. म्हणून या परिषदेने एका पानाचे मराठी टिपण तयार करून इथल्या प्रत्येक प्रसूतिगृहात द्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, हे त्यात पहिले असावे. जीव वाचवण्यासाठी तातडीने गरज असेल तर १९७१ च्या कायद्याच्या कलम ५ नुसार आठवड्यांची मर्यादा आणि दोन डॉक्टरांचे मत आड येत नाही, हे दुसरे. सद्भावनेने केलेल्या उपचाराला कलम ८ चे संरक्षण आहे, हे तिसरे. त्याखाली रात्री उचलला जाईल असा एका वकिलाचा फोन नंबर असावा. त्यासाठी पाळीने नावे द्यायची नोंदवही आज दुपारच्या सत्रात फिरवली जाईल.