मुलांची पंगत

(ज्युबिलीनिमित्त मुलांच्या चहापानाची तयारी करणाऱ्या भगिनींच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या कार्यक्रमांत मोठ्यांचें भोजन ठरलें, पाहुण्यांचा सत्कार ठरला, आणि यादीच्या अगदीं शेवटीं एका ओळींत मुलांचें चहापान लिहिलें गेलें. यादींत तें शेवटचें असलें तरी माझ्या मनांत पहिलें आहे. म्हणून आज त्याविषयींच चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे. उपदेश थोडा व पदार्थांची गोष्ट अधिक असें हें भाषण होणार आहे. तरी कंटाळा न करितां ऐकावें, ही विनंति.

देवळाच्या आवारांत मुलांस खाऊं घालण्याची चाल जुनी आहे. इ. स. १९१० सालीं परमगुरु दहावे पायस ह्यांनीं, सुमारें सात वर्षांच्या व समज आलेल्या मुलांस ख्रिस्तप्रसाद द्यावा, असा हुकूम काढिला. त्या काळीं ख्रिस्तप्रसाद घेणारानें मध्यरात्रीपासून अन्न तर नाहींच, पण पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नसे. पाण्याची मोकळीक १९५३ सालीं मिळाली, १९५७ सालीं हा उपास तीन तासांवर आला, व १९६४ पासून तो एका तासाचा आहे. सात वर्षांचें मूल रात्रभर उपाशी राहून मिस्सेस आलें म्हणजे, ती संपतांच त्याच्या हातीं कांहीं देणें भागच असे. म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत पहिल्या ख्रिस्तप्रसादानंतरची न्याहारी रूढ झाली. ह्या चालीचा उगम थाटांत नव्हे, भुकेंत आहे. आतां ती उपासाची भूक राहिली नाहीं; थाट मात्र वाढला आहे.

थाट वाढला म्हणजे काय होतें, तें मीं लहानपणीं अनुभविलें आहे. मी नऊ वर्षांचा असतांना एका समारंभास प्रत्येक मुलानें घरून खाऊ आणावा, असें ठरलें. कोणाच्या डब्यांत साखरेचीं फुलें काढलेला केक होता, कोणाच्या डब्यांत कटलेटें होतीं. आमच्या घरीं त्या वर्षीं वडील आजारी होते. आईनें केळीच्या पानांत दोन सुकेळीं बांधून दिलीं. घरीं मला सुकेळीं किती आवडत! पण त्या दिवशीं तें पान सोडण्याचें मला धैर्य झालें नाहीं. पोट दुखतें असें सांगून मी विहिरीमागें जाऊन बसलों. आणि संध्याकाळीं आईनें खाल्लींस का म्हणून विचारिलें, तेव्हां होय म्हणालों. तें खोटें मीं पापनिवेदनांत सांगितलें. परंतु ती रीत ठरविणारीं मोठीं माणसेंही त्या खोट्याचीं वांटेकरी होतीं, असें आज धर्मगुरु ह्या नात्यानें मला वाटतें. करिंथ येथील पहिल्या ख्रिस्ती मंडळींतही हेंच घडलें होतें. कांहीं जण आपापलें आधीं खाऊन घेत व गरीब उपाशी राहत. संत पौलानें त्यांस कडक शब्दांत दोष दिला आहे.

म्हणून पहिला नियम असा कीं, कोणत्याही मुलानें घरून वेगळा डबा आणूं नये. ज्यास कांहीं द्यावयाचें असेल त्यानें तें स्वयंपाकघरांत आणून द्यावें, आणि तेथून तें सर्वांस सारखें वाढलें जावें. देणाराचें नांव कोठेंही पुकारूं नये.

आतां पदार्थ. माझ्या मतें चार पुरेत.

पहिलें केळें. वसईच्या वाड्या पूर्वींसारख्या राहिल्या नसल्या तरी केळ्यांची वानवा अजून नाहीं. केळ्याला देवानेंच वेष्टन दिलें आहे. दहा हातांतून गेलें तरी आंतला गर स्वच्छ राहतो. शंभर मुलांस नऊ डझन आणावीं, म्हणजे आठ उरतील. त्या आठांविषयीं मी शेवटीं सांगतों.

दुसरा पदार्थ पाव. पाव हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. पावाच्या कापांत उकडलेला बटाटा व बेताच्या तिखटाची हिरवी चटणी भरावी. उन्हाळ्यांत अंडें किंवा लोणी घातलेले पदार्थ तासाभराहून अधिक उघड्यावर ठेवूं नयेत. पावाच्या कडा कापून टाकण्याची नवी हौस मला मान्य नाहीं. पांच हजारांस जेवूं घातल्यावरही प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले, हें आपण विसरूं नये.

तिसरे, लग्नकार्यांत आपण करतों ते फुगे. मैदा, अंडें व नारळाचें दूध घालून ते त्याच दिवशीं तळावे. रंग नको, वर साखरेची नक्षी नको. पांच वर्षांखालील मुलांच्या पानावर अख्खे शेंगदाणे वाढूं नयेत, कारण ते श्वासनलिकेंत अडकतात. द्राक्षें वाढावयाचीं झाल्यास तीं उभीं चिरावीं.

चौथें पेय. नांव चहापान असलें तरी लहानांस चहा देऊं नये. अन्नांतील लोह अंगीं लागण्यास चहा अडथळा करितो. उकळून गार केलेल्या पाण्याचें लिंबाचें किंवा कोकमाचें सरबत द्यावें. दर मुलामागें २०० मिलिलिटर धरल्यास शंभर मुलांस वीस लिटर होतें. पुन्हा मागणारे निघतीलच, म्हणून पंचवीस लिटर करावें.

मांडणीही अशीच साधी असावी. एकदांच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या व थर्मोकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं बंदी घातली; आपणांस केळीचें पान व पत्रावळ पूर्वींपासून ठाऊक आहे. शाळेच्या व्हरांड्यांत चटया घालाव्या, आणि ज्या मुलास खालीं बसतां येत नाहीं त्याच्यासाठीं त्याच रांगेंत खुर्ची व लहान मेज ठेवावें. मेजावर लोंबणारें कापड घालूं नये. लहान मूल तें ओढतें व वरचें सर्व अंगावर घेतें. फुलें हवींतच, पण उंच गुलदस्ता नको. बसक्या वाटींत चार सोनचाफे किंवा ओंजळभर मोगरा ठेवावा, म्हणजे समोरच्या मुलाचा चेहरा झांकला जात नाहीं.

बसण्याच्या जागा चिठ्ठ्यांनीं ठरवाव्या. चिठ्ठीवर कोणास मासा, कोणास होडी, कोणास तारा काढून द्यावा, व सारख्या चित्राचीं मुलें एका चटईवर बसवावीं. मग बंगल्यांतलें मूल, चाळींतलें मूल आणि पाड्यावरचें मूल आपोआप शेजारीं येतील. कोणास तसें सांगावें लागणार नाहीं.

आणि वाढावें कोणीं? आपण मोठ्यांनीं, त्यांत मीही आलों. पुनरुत्थानानंतर प्रभु सरोवराच्या कांठीं शिष्यांची वाट पाहत होता, तेव्हां निखारे त्यानें स्वतः तयार ठेविले होते, आणि भाकर व मासळी आपल्या हातांनीं त्यांस दिली. न्याहारी दोनच पदार्थांची होती; पण ती कोणास कमी वाटली, असें कोठेंही लिहिलेलें नाहीं.

राहिलीं तीं आठ केळीं. जीं मुलें आजारी म्हणून येऊं शकलीं नाहींत, त्यांच्या घरीं तीं त्याच संध्याकाळीं पोंचवावीं. परंतु त्याआधीं, पंगत बसल्यावर, मी एकदां विहिरीमागें जाऊन येईन. तेथें कोणी बसलेलें आढळलें नाहीं, म्हणजे आपलें चहापान चांगलें झालें, असें मी समजेन.

प्रभु येशू आपल्या श्रमांस आशीर्वाद देवो.