लहरींचें स्थलांतर

ओळखीच्या दुकानदारानें आपलें दुकान एका रात्रींत दुसऱ्या आळींत हलवावें, आणि सकाळीं गिऱ्हाइकानें पिशवी घेऊन जुन्याच दारापुढें उभें राहावें, असा प्रकार ब्रिटनमधील लाखो घरांत २०१७ ते २०२० या काळांत घडला. ६९४ ते ७९० मेगाहर्ट्झ हा कंपनसंख्यांचा पट्टा मोबाइल फोनसाठीं मोकळा करावयाचा होता. त्यांत चालणारें दूरचित्रवाणीचें प्रक्षेपण म्हणून खालच्या कंपनसंख्यांवर आणण्यांत आलें. मार्च २०१७ मध्यें स्कॉटलंडच्या सीमाभागांतील सेलकर्कच्या मनोऱ्यापासून आरंभ झाला. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें काम कांहीं महिने थांबलें, व ऑगस्ट २०२० मध्यें तें पुरें झालें.

त्या उन्हाळ्यांत एखादी वृद्धा एकटीच राहत आहे असें समजावें. सांथीच्या भीतीनें कोणी घरीं येत नाहीं. घरांत बोलणारें असें काय तें दूरचित्रवाणीचें यंत्र. एके सकाळीं पडदा काळा होतो. यंत्र बिघडलें, आतां नवें घ्यावें लागणार, असें तिला वाटतें. मुलगा परगांवीं, तो फोनवरून विचारतो, ‘सगळ्याच वाहिन्या गेल्या कीं थोड्याच?’

मुलगा शहाणा म्हणावयाचा, कारण निम्मा उलगडा या एका प्रश्नांत आहे. अंकीय प्रक्षेपणांत एका कंपनसंख्येवर एक वाहिनी नसते. अनेक वाहिन्यांची मोळी बांधून ती एकत्र पाठवितात. एक मोळी गेली व बाकीच्या शाबूत राहिल्या, तर संशय कंपनसंख्येवर घ्यावा. सर्वच गेल्या, तर आधीं एरियलची तार यंत्रांत नीट बसली आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि शेजाऱ्यास विचारावें. त्याच्याकडेहि अंधार असेल तर मनोऱ्यावरच काम चाललें असेल; स्वस्थ बसावें.

जुन्या पद्धतींत लहर क्षीण झाली म्हणजे चित्रावर बर्फासारखे ठिपके पडत, तरी माणसाचा चेहरा ओळखूं येई. अंकीय पद्धतीचा स्वभाव तारेच्या मजकुरासारखा आहे. एखादें अक्षर चुकलें तर वाचणारा तें जुळवून घेतो. चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या म्हणजे कांहींच अर्थ लागत नाहीं. म्हणून काल स्वच्छ दिसणारें चित्र आज एकदम नाहींसें होतें, आणि यंत्राचा विनाकारण संशय येतो.

यंत्र पहिल्या जुळवणीच्या वेळीं कोणती मोळी कोणत्या कंपनसंख्येवर आहे याची यादी करून ठेवतें. मनोऱ्यानें जागा बदलली, तरी पुष्कळ यंत्रें जुन्या यादीप्रमाणेंच शोधीत बसतात. उपाय सोपा आहे: नवी भर घालणारी जुळवणी न करितां यादी पुसून पहिल्यापासून जुळवणी करावी. मात्र त्या वेळीं एरियलची तार निघालेली असेल, तर होती ती यादीहि जाते. शिवाय हवेचा दाब वाढून आकाश निवळलें असेल, तर दूरच्या मनोऱ्यांच्या लहरी वातावरणांतून वांकून येतात व गोंधळ माजवितात. अशा दिवशीं जुळवणी करूंच नये. एकदोन दिवसांत हवा पालटली कीं चित्र आपोआप परत येतें.

जुळवणी होते, पण भलतीच, असाहि एक प्रकार आहे. ब्रिस्टलच्या परिसरांतील पुष्कळ घरांत मेंडिपचा मनोरा इंग्लंडच्या प्रादेशिक बातम्या देतो, तर खाडीपलीकडील वेन्व्होच्या लहरी वेल्सच्या बातम्या घेऊन येतात. यंत्र खालून वर शोधीत जातें आणि कधीं कधीं परक्याच मनोऱ्यास पहिला मान देतें. २०२० सालीं ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सांथीचे निर्बंध इंग्लंडमध्यें एक, वेल्समध्यें दुसरे. भलत्या प्रदेशाच्या बातम्या ऐकून त्या वृद्धेनें भलताच नियम पाळला असता. आपल्या मनोऱ्याच्या वाहिन्या अशा वेळीं बहुधा आठशेच्या पुढील क्रमांकांवर जाऊन पडलेल्या असतात. मग जुळवणी हातानें, आपल्या मनोऱ्याचे क्रमांक देऊन करावी. कांहीं जण शोध चालू असतां परक्या मनोऱ्याचे क्रमांक येतील तेवढा वेळ एरियलची तार काढून ठेवतात. युक्ति गांवठी खरी, पण उपयोगी पडते.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं तर छपराकडे पाहावें. ४७४ मेगाहर्ट्झची लहर सुमारें ६३ सेंटिमीटर लांब, व ७८६ मेगाहर्ट्झची सुमारें ३८. एरियलच्या आडव्या काड्या साधारण अर्ध्या लहरीच्या मापाच्या असतात. म्हणून वरच्या कंपनसंख्यांसाठीं केलेलें एरियल खालच्या लहरी नीट पकडीत नाहीं. ब्रिटनमध्यें हा भेद दांड्याच्या टोंकावरील बुचाच्या रंगावरून ओळखतात. लाल बूच खालच्या क्रमांकांचें, हिरवें ४८ ते ६८ या वरच्या क्रमांकांचें, काळें सर्व पट्ट्याचें. स्थलांतरानंतर प्रक्षेपणास २१ ते ४८ हे क्रमांक उरले. तेव्हां हिरव्या बुचाचें एरियल जवळजवळ निरुपयोगी ठरावें. दिशेचा प्रश्न वेगळा. पुण्यांतील गच्च्यांवरचीं एरियलें सिंहगडाकडे तोंड करून उभीं असत, त्याप्रमाणें तेथेंहि प्रत्येक गांवाचा एक मनोरा ठरलेला आहे; कंपनसंख्या बदलली म्हणून एरियल फिरविण्याचें कारण नाहीं.

चित्र तुटलें कीं पुष्कळ लोक लहर वाढविणारा ॲम्प्लिफायर विकत आणतात. ही घाई बरी नव्हे. लहर अतिशय जोरदार झाली तरी यंत्र गोंधळतें, आणि तो ॲम्प्लिफायर शेजारच्या मोबाइल मनोऱ्याच्या लहरीहि वाढवितो. यंत्राच्या पडद्यावर जोर व गुणवत्ता असे दोन आंकडे दाखविण्याची सोय असते. जोर भरपूर व गुणवत्ता कमी, असें दिसल्यास ॲम्प्लिफायर काढून पाहावा, अथवा मोबाइलच्या लहरी अडविणारी गाळणी बसवावी. दोन्ही आंकडे कमी असतील तरच तार, जोड व एरियल यांचा खर्च काढावा.

हिरव्या बुचाचीं एरियलें कित्येक जुन्या घरांच्या धुराड्यांवर तशींच राहिलीं. मनोरा जवळ असेल तर त्यांच्यावरहि चित्र निभावून येतें. म्हणून त्या वृद्धेच्या मुलानें आईला शिडीवाल्यास बोलावूं न देतां आधीं फोनवरूनच जुळवणी करावयास सांगितली. तिला वीस मिनिटें लागलीं, त्यांतलीं दहा चष्मा शोधण्यांत गेलीं.