काडीला कोणी घासलं?

फारसीत एक शब्द आहे, कहरुबा. ‘काह’ म्हणजे गवताची काडी आणि ‘रुबा’ म्हणजे पळवून नेणारा. झाडांची राळ लक्षावधी वर्षं जमिनीत राहून घट्ट झाली की तिचे पिवळे मणी होतात, त्यांचं हे नाव. असा मणी लोकरीवर घासला की तो काडीकचरा ओढून घेतो. संस्कृतात त्यालाच तृणमणी म्हणतात. ग्रीक लोक त्याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत, आणि इंग्रजीतला ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द तिथूनच आला. अरबीत तर आजही विजेला कहरबाच म्हणतात.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. भौतिकशास्त्रात माझा अधिकार नाही, पण शब्दाच्या मागे जाण्याची सवय आहे. फारसी आणि संस्कृत, दोन्ही भाषांनी मण्याला नाव देताना काडीकडे पाहिलं, हे मला फार आवडतं. कारण खरा प्रश्न काडीचाच आहे. मणी घासला म्हणून त्याच्यावर विद्युत प्रभार आला, हे समजतं. पण काडीला कोणी घासलं? ती का धावत येते?

थंडीच्या कोरड्या दिवसांत कोरड्या केसांतून प्लॅस्टिकची फणी फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून चिकटतात. शाळेत आपण पाठ केलेलं असतं, की सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात आणि विजातीय प्रभार जवळ ओढतात. पण कपट्यावर तर काहीच प्रभार नाही. तो तटस्थ आहे. मग?

उत्तरासाठी फ्रान्सला जावं लागतं. चार्ल्स ऑगस्टिन द कूलॉम हा लष्करातला अभियंता. १७८५ साली त्यानं अतिशय बारीक चांदीच्या तारेला एक आडवी काडी टांगली आणि काडीच्या टोकाला भेंडाची हलकी गोळी बसवली. शेजारी तशीच दुसरी गोळी स्थिर ठेवली. दोन्ही गोळ्यांना एकाच जातीचा प्रभार दिला, तशी टांगलेली गोळी ३६ अंश दूर सरली. मग तारेला वरून पीळ देत त्यानं ती पुन्हा जवळ आणली. १८ अंशांवर आणायला एकूण १४४ अंशांचा पीळ लागला. साडेआठ अंशांवर आणायला ५७५.५ अंशांचा. म्हणजे अंतर निम्मं केलं की जोर चौपट. अंतर दुप्पट केलं तर जोर पाव राहतो आणि तिप्पट केलं तर नवव्या हिश्शावर येतो. हाच कूलॉमचा नियम.

आता कपट्याकडे परत येऊ. तटस्थ म्हणजे रिकामा नव्हे. त्याच्यात धन आणि ऋण दोन्ही प्रभार असतात, समसमान. फणीवर ऋण प्रभार असेल, तर कपट्यातले ऋण कण किंचित पलीकडे सरकतात आणि अलीकडची बाजू धन होते. फणी एका बाजूला ओढते, दुसरीला लोटते. पण ओढली जाणारी बाजू जवळ आहे आणि लोटली जाणारी जराशी लांब. अंतराच्या त्या एवढ्याशा फरकावर कपटा उडी मारतो.

हा जोर केवढा आहे, याचा हिशेब रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या व्याख्यानांत मांडला होता. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या अंगात प्रोटॉनांपेक्षा इलेक्ट्रॉन फक्त १ टक्का जास्त असते, तर त्यांच्यातला रेटा पृथ्वीएवढं वजन उचलण्याइतका झाला असता! आपण शेजारी शेजारी निवांत बसतो, ते अंगातला हिशेब जवळजवळ पूर्ण चुकता असतो म्हणून.

आणि मध्ये काय आहे, यानंही फरक पडतो. खड्याच्या मिठात सोडियमचे धन आणि क्लोरीनचे ऋण कण एकमेकांना असे धरून असतात, की खडा फोडायला बत्ता लागतो. पण मध्ये पाणी आलं की तीच ओढ सुमारे ८० पटींनी कमी होते आणि मीठ गुपचूप विरघळतं.

सजातीय आणि विजातीय हे शब्द आपल्याला शाळेच्या पुस्तकाबाहेरही भेटतात. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकतो आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, फक्त अंतर असतं. विज्ञानातून उपदेश काढू नये, माणसं काही भेंडाच्या गोळ्या नव्हेत. तरी कूलॉमचा नियम नीट वाचावा असं मला वाटतं. त्यात जात कोणती, एवढंच विचारून भागत नाही. अंतर किती आणि मध्ये काय, हेही विचारावं लागतं. पहिलं आपल्याला पाठ असतं. पुढचं मात्र मोजावं लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)