हाताची पुंजी

स्वयंपाकघराच्या मांडणीवर मोहरीचा डबा कोठें आहे, हें रोज फोडणी करणारी गृहिणी डोळ्यांनीं शोधीत नाहीं. तिचा हात आपोआप तेथें जातो. तिच्या पश्चात् कोणी सद्धेतूनें जरी सारे डबे नव्यानें लावले, तरी दुसऱ्या दिवशीं तेलाला धूर येतो आणि मोहरी मात्र सांपडत नाहीं. संगणकावर वर्षानुवर्षें काम करणारांची स्थिति नवी आवृत्ति आली म्हणजे अशीच होते.

याचें ठळक उदाहरण ‘विंडोज’च्या इतिहासांत आहे. ऑगस्ट १९९५ मध्यें आलेल्या ‘विंडोज ९५’नें पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यांत ‘स्टार्ट’ हें बटन दिलें. पुढें सतरा वर्षें कारकून, हिशेबनीस, विद्यार्थी, सारे कामाचा आरंभ तेथूनच करीत. ऑक्टोबर २०१२ मध्यें ‘विंडोज ८’ आली आणि तें बटन नाहींसें झालें. त्याच्या जागीं सबंध पडदा व्यापणाऱ्या रंगीत चौकटी आल्या. स्पर्शानें चालणारीं यंत्रें तेव्हां लोकप्रिय झालीं होतीं. त्यांना व मेजावरील संगणकाला एकच रूप द्यावें, हा कर्त्यांचा हेतु होता. तो अनुचित म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्याच्या हातीं माउस होता, त्याला संगणक बंद करण्यासाठींहि बाण उजव्या कोपऱ्यांत न्यावा लागे, सरकून आलेल्या पट्टींत ‘सेटिंग्ज’ निवडावें लागे, आणि मग ‘पॉवर’ शोधावें लागे.

तक्रारी वाढल्या. ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ या आवृत्तींत बटन परतलें. पण तें दाबतांच पुन्हा त्याच चौकटी! जुन्या धर्तीची यादी परत येण्यास जुलै २०१५ ची ‘विंडोज १०’ उजाडावी लागली.

अशा तक्रारींना ‘जुनें तें सोनें’ म्हणणारांचा हट्ट ठरविण्याची चाल आहे. ती अन्यायाची होय. सवय ही श्रमानें सांठविलेली पुंजी आहे. हात आपलें काम जाणतो, म्हणूनच मन मजकुराकडे लागतें. नवशिक्याचें बदलांत कांहींच बुडत नाहीं; वीस वर्षांचा कसबी मनुष्य मात्र एका रात्रींत नवशिका होतो, आणि तोहि वरिष्ठांच्या व गिऱ्हाइकांच्या देखत.

तथापि बदल होऊंच नये, असें कोणी म्हणणार नाहीं. ‘ऑफिस २००७’ मध्यें जुने मेनू जाऊन ‘रिबन’ आली, ती दडलेलीं साधनें दृष्टीस पडावीं म्हणून. पुष्कळांची गैरसोय झाली. तरी ‘ऑल्ट’ कळीबरोबर दाबावयाचे मागील आवृत्तीचे अक्षरक्रम कर्त्यांनीं चालूं ठेवले, आणि ज्यांच्या बोटांना ते पाठ होते त्यांचें काम अडलें नाहीं. २०२१ च्या ‘विंडोज ११’नें स्टार्ट बटन मध्यभागीं आणलें, पण तें डावीकडे नेण्याची मुभा ठेवली.

डबे अवश्य नव्यानें लावावे. परंतु फोडणी करणारीला विचारून, आणि मोहरीचा डबा कांहीं दिवस तरी जुन्या जागीं राहूं देऊन.